फोरमवरच्या जुन्या पोस्ट काढायच्या आहेत? मग खातं सगळ्यात शेवटी बंद करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बारा वर्षांपूर्वी एका फोरमवर खऱ्या नावाने खातं उघडलं. तब्येत, नोकरी, घरातल्या अडचणी अशा विषयांवर पाचेकशे पोस्ट लिहिल्या. आता कुणी नाव शोधलं की त्या समोर येतात. ॲडमिन म्हणतात, "पोस्ट काढल्या तर धागे तुटतील, हवं तर खातं बंद करून देतो." कायद्याने सगळं काढायला लावता येतं का? आणि येत नसेल तर काय करावं?

सगळ्यात आधी: 'खातं बंद करून देतो' हे आत्ता स्वीकारू नका. लोकांचं सर्वांत मोठं नुकसान याच पायरीवर होतं. बहुतेक फोरम सॉफ्टवेअरमध्ये खातं आणि पोस्ट वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. खातं गेलं म्हणून मजकूर जात नाही. पीएचपीबीबी या फोरम सॉफ्टवेअरमध्ये सदस्य काढताना ॲडमिनला विचारलं जातं, पोस्ट ठेवायच्या की काढायच्या; ठेवल्या तर त्यांच्यावर जुनं नाव तसंच राहू शकतं. झेनफोरोमध्येही पोस्ट राहतात आणि ॲडमिनने काढण्याआधी नाव बदललं नसेल तर नावही राहतं. रेडिटवर खातं बंद केलं की नावाच्या जागी 'डिलीटेड' दिसतं, मजकूर मात्र शब्दन् शब्द शाबूत असतो. म्हणजे पोस्ट जागच्या जागी, आणि तुमच्या हातून तीन गोष्टी गेल्या: लॉगिन करून स्वतः दुरुस्ती करण्याची सोय, 'हे माझंच लिखाण आहे' याचा सोपा पुरावा, आणि काही फोरमवर ते युजरनेमसुद्धा, जे उद्या दुसरं कुणीही घेऊ शकतं. त्यामुळे खात्याचा नंबर शेवटचा.

आता हक्काकडे वळू. युरोपीय संघाचा जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. संमती मागे घेतली, ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम उरलं नाही, किंवा कलम २१ खाली 'माझी माहिती वापरू नका' असा आक्षेप घेतला आणि समोरच्याकडे त्याहून वजनदार कारण नाही, अशा परिस्थितीत तो वापरता येतो. पण हा हक्क तुमच्या 'वैयक्तिक माहिती'वर आहे, तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक वाक्यावर सरसकट नाही. शिवाय कलम १७ च्याच तिसऱ्या भागात अपवाद आहेत: अभिव्यक्ती आणि माहितीचं स्वातंत्र्य, कायदेशीर बंधन, कोर्टातले दावे वगैरे. 'धागा तुटतो' हा त्या यादीतला अपवाद नाही, पण ॲडमिनचा वकील त्याच मुद्द्याला माहिती-स्वातंत्र्याचे कपडे चढवून उभा करू शकतो. म्हणून 'माझ्या पाचशे पोस्ट उडवा' या मागणीवर वाद होतो, आणि 'या चाळीस पोस्टमधून माझी ओळख पटते, ती काढा' या मागणीवर बहुतेक वेळा काम होतं. माझं ठाम मत आहे की लढाई या दुसऱ्या मागणीवरच लढावी.

हा कायदा युरोपबाहेरच्या फोरमलाही लागू होऊ शकतो, जर तो युरोपीय संघात असलेल्या लोकांना सेवा देत असेल तर. तिथे पाहिलं जातं ते तुम्ही कुठे आहात हे, नागरिकत्व कुठलं हे नाही.

भारतातल्या वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १२ मध्ये दुरुस्तीचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि हक्कांची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. पण कलम ३ म्हणतं की व्यक्तीने स्वतःच सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही, आणि तिथे दिलेलं उदाहरणच सोशल मीडियावर आपली मतं मांडताना स्वतःची माहिती उघड करणाऱ्या व्यक्तीचं आहे. म्हणजे स्वतः लिहिलेल्या उघड पोस्टसाठी कलम १२ पुढे केलंत तर पहिल्याच उत्तरात अर्ज बाद होऊ शकतो. जे तुम्ही जगजाहीर केलेलं नाही, पण फोरमच्या डेटाबेसमध्ये पडून आहे, त्यासाठी तो कामाचा ठरेल: नोंदणीचा ईमेल, फोन नंबर, जन्मतारीख, आयपी पत्ते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा ग्राहक गोपनीयता कायदा १ जानेवारी २०२० पासून आहे. उत्तराला ४५ दिवस, गरज पडली तर आणखी ४५. तो ठरावीक आकाराच्या धंद्यांना लागू होतो, हौसेने चालवलेल्या फोरमला बहुधा नाही. त्याच राज्यात २०१५ पासून अल्पवयीन सदस्याला स्वतः टाकलेला मजकूर काढून घेण्याची वेगळी तरतूद आहे. पोस्ट लहान वयात लिहिलेल्या असतील तर हे अर्जात जरूर लिहा. जीडीपीआरच्या प्रस्तावनेतही लहानपणी दिलेल्या संमतीला खास वजन दिलेलं आहे.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पहिलं काम यादी. फोरमवर 'माझा डेटा मागवा' अशी सोय असेल तर ती आधी वापरा. नसेल तर जीडीपीआरच्या कलम १५ खाली प्रत मागता येते. प्रोफाइलवर दिसणारी यादी पूर्ण आहे असं धरून चालू नका. रेडिटवर प्रोफाइलच्या यादीत साधारण शेवटच्या १,००० नोंदीच मिळतात. पोस्ट पुसणारी तयार साधनं त्याच यादीवर चालतात, म्हणून ती 'काम झालं' सांगतात आणि त्याआधीचं सगळं जागेवर राहतं. त्यानंतर सर्च इंजिनमध्ये फोरमच्या डोमेनपुरता शोध घ्या: खरं नाव, आताचं युजरनेम, जुनं युजरनेम, ईमेल, फोन नंबर, प्रत्येक वेगवेगळं. सापडेल ते एका तक्त्यात मांडा: पोस्टचा थेट दुवा, तारीख, ओळख पटवणारे नेमके शब्द, आणि हवं काय (पूर्ण काढणं, वाक्य गाळणं की फक्त नाव बदलणं).

'ओळख पटवणारे शब्द' म्हणजे काय ते एका नमुन्यावरून पाहा. समजा पोस्ट अशी आहे: "माझं वय ४१. आमच्या गावातल्या एकमेव पशुवैद्यकीय दवाखान्यात मी काम करते. गेल्या वर्षी थायरॉइडचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून झोप लागत नाही." नाव कुठेच नाही. पण पोस्टच्या वर गाव लिहिलेलं असेल तर 'एकमेव' हा एक शब्द पुरे आहे. दवाखाना एक, तिथे काम करणारी त्या वयाची बाई एक. आता ॲडमिनने युजरनेम बदलून 'सदस्य ४८२१' केलं तरी ही बाई ओळखू येतेच, आणि तिच्या ऑपरेशनची माहितीही तिच्याशी जोडलेली राहते. कायद्याच्या भाषेत हे निनावीकरण नाही, फक्त टोपणनाव देणं झालं, आणि टोपणनावाखालची माहिती वैयक्तिकच राहते. उलट, 'गावातल्या एकमेव पशुवैद्यकीय दवाखान्यात' एवढे शब्द आणि वरचं गावाचं नाव गाळलं तर झोपेचा प्रश्न, त्याला आलेली उत्तरं, सगळा धागा वाचण्याजोगा राहतो आणि बाई सुटते. ॲडमिनला हे असं दाखवून दिलं की त्याचाही विरोध मावळतो, कारण त्याला धागा हवा असतो, तुमचं गाव नको असतं.

यादी करताना काही जागा हमखास सुटतात. नव्या सदस्यांनी ओळख करून देण्याचा धागा सगळ्यात बोलका असतो. तिथे लोक नाव, गाव, कामधंदा एका दमात सांगून टाकतात. प्रत्येक पोस्टखाली येणारी सही विसरली जाते. धाग्याच्या शीर्षकात नाव असेल तर ते पानाच्या पत्त्यातही शिरलेलं असतं, आणि शीर्षक बदललं तरी जुना पत्ता चालू राहू शकतो. फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. जोडलेली फाइल पोस्ट गेल्यावरही तिच्या थेट दुव्यावर उघडते का, हे तपासा, बऱ्याचदा उघडते. ग्रॅव्हतार (ईमेलशी जोडलेलं प्रोफाइल चित्र वेगवेगळ्या साइटवर दाखवणारी सेवा) वरचं चित्र वापरलं असेल तर त्याच्या पत्त्यात तुमच्या ईमेलपासून तयार केलेला हॅश, म्हणजे सांकेतिक अक्षरांची ओळ असते, आणि जुन्या एमडी५ पद्धतीच्या हॅशवरून अंदाजाने ईमेल पडताळता येतो.

सर्वांत चिवट असतात ती अवतरणं. तुमची पोस्ट उद्धृत करून चौघांनी उत्तरं दिली असतील तर तुमचा मजकूर चार ठिकाणी उतरलेला आहे, आणि मूळ पोस्ट काढल्याने त्या चार प्रती जात नाहीत. त्या पोस्ट दुसऱ्यांच्या असल्या तरी आतली माहिती तुमची आहे, तेव्हा मागणी करता येते. फक्त प्रत्येकीचा दुवा वेगळा द्यावा लागतो.

यादी झाल्यावर सगळ्याची एक प्रत स्वतःकडे उतरवून ठेवा. कुणी तुम्हाला त्या फोरमवर त्रास दिला असेल तर तारीख आणि पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट हवेतच. आणि ज्या पोस्टचा संबंध चालू किंवा होऊ घातलेल्या कोर्टकज्ज्याशी आहे त्यांना वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप येऊ शकतो.

स्वतः दुरुस्ती करता येत असेल तर थोड्या, खरोखर महत्त्वाच्या पोस्ट आधी करा. एका रात्रीत पाचशे पोस्टमधला मजकूर पुसून त्या जागी टिंब टाकून ठेवण्याचा मोह आवरा. मॉडरेटरला ती तोडफोड दिसते. तो खातं गोठवतो, जुना मजकूर परत आणतो, आणि पुढचा तुमचा प्रत्येक अर्ज संशयाने वाचतो. शिवाय बदल केला म्हणजे जुनं गेलं असं नाही. डिस्कोर्स या फोरम सॉफ्टवेअरवर बदललेल्या पोस्टवर पेन्सिलचं चिन्ह येतं आणि फोरमच्या सेटिंगनुसार त्यावर टिचकी मारली की कुणालाही आधीचा मजकूर दिसतो. तिथे ॲडमिनला 'जुन्या आवृत्त्याही काढा' असं स्पष्ट सांगावं लागतं. तसंच 'डिलीट' हे बहुतेक ठिकाणी लपवणं असतं: सदस्यांना दिसत नाही, मॉडरेटरांना दिसतं. ओळख पटवणाऱ्या मजकुरासाठी कायमचं काढणं मागा. डिस्कोर्सच्या ॲडमिनकडे सदस्याला निनावी करण्याचं बटणही असतं. ते नाव आणि ईमेल बदलतं, पोस्टमधल्या वाक्यांना ते हात लावत नाही.

पत्र लहान ठेवा. गोपनीयता धोरणात दिलेल्या पत्त्यावर, नोंदणीच्याच ईमेलवरून पाठवा. नमुना असा:

"माझं युजरनेम अमुक. नोंदणीचा ईमेल हाच. जीडीपीआरच्या कलम १७ खाली मी माझी वैयक्तिक माहिती पुसण्याची विनंती करत आहे आणि ती प्रसिद्ध ठेवायला दिलेली संमती मागे घेत आहे. संमती हा तुमचा आधार नसेल तर हीच विनंती कलम २१ खालचा आक्षेप समजावी. सोबतच्या तक्त्यात ३८ दुवे आहेत; प्रत्येकासमोर ओळख पटवणारे शब्द आणि अपेक्षित बदल दिला आहे. अवतरणं, जोडलेल्या फाइल आणि जुन्या आवृत्त्या यांचाही त्यात समावेश आहे. हे झाल्यावर युजरनेम बदलून खातं बंद करावं आणि ते नाव पुन्हा कुणाला देऊ नये. एखादी मागणी नाकारत असाल तर त्या ओळीसमोर कारण आणि लागू अपवाद लिहावा. कलम १२ प्रमाणे एका महिन्यात उत्तराची अपेक्षा आहे."

यात 'संमती नसेल तर आक्षेप' हे वाक्य मुद्दाम आहे. कित्येक फोरम म्हणतात, आम्ही संमतीवर नाही, 'वैध हितसंबंधा'वर (संमतीशिवाय माहिती ठेवण्याचा कायद्यातला दुसरा आधार) माहिती ठेवतो. तेव्हा संमती मागे घेण्याचा मुद्दा हवेत विरतो आणि पत्रव्यवहार पहिल्यापासून सुरू होतो. दोन्ही एकदमच लिहिलं की ही पळवाट बंद. ओळीनिहाय कारण मागण्याचा फायदा असा की ॲडमिनला सरसकट 'नाही' म्हणता येत नाही. हे पत्र फोरमवर उघड धागा काढून टाकू नका. जे लपवायचं त्याकडेच सगळ्यांचं लक्ष जातं.

ओळखपत्र मागितलं तर? तुमच्या ओळखीबद्दल रास्त शंका असेल तरच जादा पुरावा मागता येतो. ज्या फोरमने नोंदणीच्या वेळी ओळखपत्र पाहिलंच नाही, त्याला आता पासपोर्टची प्रत पाठवून काय पडताळणार? त्याऐवजी, लॉगिन करून त्यांनी सांगितलेला शब्द खासगी संदेशात पाठवण्याची तयारी दाखवा. अगदी द्यावंच लागलं तर क्रमांक आणि फोटो झाकून द्या.

मुदत एक महिना. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने, पण ते पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. शुल्क नाही. उत्तर आलं नाही तर एक आठवण, आणि मग युरोपातल्या आपल्या देशाच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे जीडीपीआरच्या कलम ७७ खाली तक्रार. तिथे तुमचा तक्ता जसाच्या तसा जोडता येतो. तो मेहनतीने केलेला असेल तर तक्रारीचं निम्मं काम झालेलं असतं.

'परवाना दिला आहे, आता परत घेता येत नाही' हे उत्तर स्टॅक एक्स्चेंजसारख्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर ऐकायला मिळतं, कारण तिथलं लिखाण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय-एसए परवान्याखाली, म्हणजे लेखकाचं नाव देऊन कुणालाही पुन्हा वापरता येईल अशा अटीवर असतं. परवाना मागे घेता येत नाही हे खरं. पण त्याच परवान्याच्या ४.० आवृत्तीत लेखकाने सांगितलं तर शक्य तितकं नाव काढून टाकण्याची अट आहे. स्टॅक एक्स्चेंजवर पोस्ट खात्यापासून तोडून देण्याची विनंती करता येते. तिथे हाच मार्ग धरा.

दुसऱ्याने तुमच्याबद्दल लिहिलेलं काढणं जास्त कठीण, कारण तिथे समोरच्याचं अभिव्यक्ती-स्वातंत्र्य खरोखरच तराजूत असतं. 'ते माझं घरगुती लिखाण आहे' हा बचाव मात्र चालत नाही. लिंडक्विस्ट खटल्यात युरोपीय न्यायालयाने २००३ मध्येच ठरवलं की कुणालाही उघडता येईल अशा पानावर टाकलेली माहिती घरगुती वापरात बसत नाही. इथे टीका काढायला सांगू नका. पत्ता, फोन, आजार, मुलांचे फोटो एवढंच मागा.

सर्च इंजिनकडे वळायचं ते मूळ पान बदलल्यावर. गूगलचं कालबाह्य मजकुराचं साधन फक्त तेव्हा चालतं, जेव्हा पान गेलेलं असतं किंवा शोध-निकालात दिसणारे शब्द आता पानावर नसतात; पान तसंच असताना अर्ज केला तर नाकारला जातो. बिंगकडेही असं साधन आहे. इथे ॲडमिनच्या भल्या हेतूने दोन चुका होतात. एक, 'पोस्ट सापडत नाही' असं लिहिलेलं पान येतं, पण सर्व्हर ४०४ किंवा ४१० या 'पान नाही' सांगणाऱ्या संकेतांऐवजी २०० हा 'सगळं ठीक' संकेत देतो. मग पान गेलंय हे गूगलला कळायला उशीर होतो. दोन, ॲडमिन त्या पानावर रोबोट्स फाइलमधून (सर्च इंजिनच्या बॉटने कुठली पानं उघडू नयेत ते सांगणारी फाइल) बंदी घालतो. त्यामुळे गूगलचा बॉट पान उघडतच नाही, बदल त्याला दिसत नाही आणि जुना पत्ता निकालात रेंगाळतो. रोबोट्सची बंदी नको, पानावर 'नोइंडेक्स' (हे पान शोध-निकालात दाखवू नका अशी खूण) लावा, असं ॲडमिनला सांगा.

फोरमने ठाम नकार दिला आणि तुम्ही युरोपात असाल तर नावाच्या शोधातून निकाल काढून घेण्याची वेगळी वाट आहे. १३ मे २०१४ रोजी गूगल स्पेन खटल्यात मारिओ कोस्तेहा गोन्सालेस यांच्या बाजूने निकाल लागला तो यावरच: वर्तमानपत्राचं जुनं पान राहिलं, नाव शोधल्यावर त्याचा दुवा दाखवणं थांबलं. याला मर्यादा आहेत. इतर शब्दांनी शोधलं तर पान सापडतं, आणि २०१९ च्या निकालानुसार गूगलला हे जगभरच्या आवृत्त्यांत करण्याचं बंधन नाही.

वेबॅक मशीन म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती दाखवणारा संग्रह; त्यासाठी तो चालवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हला ईमेल करा, प्रत्येक दुवा लिहून, आणि मूळ फोरमने तो मजकूर काढल्याचं कळवून. तिथे विनंती करता येते, हमी मिळत नाही. वेबपानं गोळा करून ठेवणाऱ्या कॉमन क्रॉलसारख्या संग्रहांत गेलेल्या आणि त्यातून भाषा-मॉडेलांच्या प्रशिक्षणात वापरल्या गेलेल्या प्रती मात्र फोरमच्या हातात राहिलेल्या नसतात, त्याबाबत ॲडमिनशी भांडण्यात अर्थ नाही. बॅकअपचंही तसंच: जुन्या बॅकअपमधून एक पोस्ट काढून देणं तांत्रिकदृष्ट्या जिकिरीचं असतं. तिथे एवढंच लेखी घ्या की बॅकअप किती दिवसांनी आपोआप पुसला जातो आणि तो परत चढवावा लागला तर तुमची यादी पुन्हा लावली जाईल.

फोरम बेवारस असेल, ॲडमिनचा पत्ताच लागत नसेल, तर आयकॅन या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या शोधपानावर डोमेनची नोंद पाहा. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रारचा (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीचा) गैरवापर-तक्रारीचा ईमेल तिथे मिळतो. होस्टिंग कंपनीलाही लिहा. ती पोस्ट काढणार नाही, पण तुमचं पत्र बिल भरणाऱ्यापर्यंत पोचवू शकते.

बदल झाल्याचं उत्तर आलं की लॉगआउट करून, दुसऱ्या ब्राउझरमध्ये, तक्त्यातला प्रत्येक दुवा उघडून पाहा. पोस्टमधलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य अवतरणचिन्हांत घालून दोन-तीन सर्च इंजिनांत शोधा. सुटलेली अवतरणं अशीच सापडतात. दीड-दोन महिन्यांनी हा शोध पुन्हा करा. तो रिकामा निघाला की खातं बंद करायला सांगा. नोंदणीचा ईमेल मात्र त्यानंतरही वर्षभर चालू ठेवा, कारण राहिलेल्या एखाद्या प्रतीसाठी पुन्हा लिहावं लागलं तर 'ही मीच' हे दाखवायला तोच उरतो.